मॅडम, इंग्रजीचं भांडण अर्धंच राहिलं

मॅडम,

परवा आपल्या शाळेच्या व्हरांड्यात तुमची शोकसभा झाली आणि मी सगळ्यांसमोर उभा राहून खोटं बोललो. केंद्रप्रमुख बोलून झाले, सरपंच बोलून झाले, मग कोणीतरी म्हणालं, "मडावी गुरुजी नऊ वर्षं मॅडमसोबत होते, त्यांनी दोन शब्द सांगावे." मी उठलो. टेबलावर तुमचा फोटो होता. कुठल्यातरी ओळखपत्रावरून मोठा केलेला, म्हणून तुम्ही रागावल्यासारख्या दिसत होता. मी त्या फोटोकडे न बघता म्हणालो, "नऊ वर्षांत आमच्यात एकदाही वाद झाला नाही."

मागं बायकांमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. गावाला सगळं माहीत आहे. दोन खोल्यांची शाळा, मधे एक भिंत आणि तिच्यात एक दार, तिकडे तुमची पहिली-दुसरी, इकडे माझी तिसरी-चौथी. आपण काय बोलायचो ते हातपंपावर पाणी भरणाऱ्या बायांनाही ऐकू जायचं.

बाकी सगळे म्हणाले, टेंभरे मॅडमनी गावात इंग्रजी आणली. नळयोजना आणावी तशी. तुम्ही असता तर तोंडात पदर धरून हसला असता. ती कशी आली, कितीदा अडकली, हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं आणि थोडं मला. आता नुसतं मलाच. म्हणून हे लिहायला बसलो. जे परवा बोलायला हवं होतं ते.

आपली निम्मी भांडणं माझ्या मोटारसायकलवर झाली. गोंदियाहून सकाळच्या बल्लारशाहच्या गाडीनं सौंदडला उतरायचं, स्टेशनबाहेर लावलेली माझी गाडी काढायची, आणि तुम्ही मागं, आपल्या दोघांच्या मधे तुमची ती जाड कापडी पिशवी. धानाच्या बांध्यांमधून, मग साग सुरू होईपर्यंत, तुम्ही माझ्या कानात ओरडून बोलायचा. हेल्मेटमधून मला निम्मंच ऐकू यायचं. पण त्या दिवशीचं सगळं ऐकू आलं.

त्या दिवशी फाट्यावर कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन उभी होती. आपल्या गावची लेकरं तिच्यात चढत होती. गळ्यात टाय, पायात बूट, आणि चढताना एकमेकांना झाडीबोलीत शिव्या. तुम्ही मला गाडी थांबवायला लावली आणि एकेकाचं नाव घेतलं. हा आपल्या अंगणवाडीतला. ही आपल्या पोषण आहारवाल्या बाईंची नात. व्हॅन निघून गेली तरी तुम्ही तिथंच उभ्या.

"मडावी," तुम्ही म्हणाला, "दोन वर्षांत आपल्या शाळेला कुलूप लागन. न् जे उरतील ते फक्त असे, ज्यांच्या मायबापाले व्हॅन परवडत नाही. मंग त्यांनी कुठं जावं?"

पुढच्याच आठवड्यात तुम्ही पालकसभा घेतली. सुखराम उईके आला होता, नागझिऱ्याच्या गेटवरचा गाईड, खाकी शर्ट तसाच अंगात. एरवी सभेत न बोलणारा माणूस. त्या दिवशी उभा राहिला.

"मॅडमजी, दहा साल झाले मी जंगल दाखवून राहिलो. वाघ कुठं पानी पेते, अस्वल कोनत्या झाडावर चढते, सप्पा मालूम आहे मले. पन बाहेरदेशचा पाहुना आला की माह्या तोंडातून 'टायगर, टायगर' एवढंच निंघते. मंग तो माह्याशी बोलतच नाई, ड्रायव्हरशी बोलते. माह्याच जंगलात मी मुका बसून रायतो. माह्या पोरीनं असं बसू नाई."

मागून एक बाई म्हणाली, "सायबाचे पोट्टे इंग्रजीत शिकतेत, गुरुजीचे पोट्टे इंग्रजीत शिकतेत. आमचे काऊन नाई?"

मी खाली बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, हे तुमचं मोठेपण. पण तिथंच ठरवून टाकलंत. येत्या सत्रापासून पहिलीचा वर्ग दिवसभर इंग्रजीत. मराठीचा तास तेवढा मराठीत. बाकी ये, बस, हात धू, गणित, खेळ, सगळं इंग्रजीत.

परतीच्या वाटेवर मी तुमच्याशी भांडलो. मी म्हणालो, हे करू नका. टोल्यावरच्या वस्तीतून येणाऱ्या लेकरांना मराठीच धड येत नाही, त्यांच्या घरात गोंडी. त्यांच्यावर ही तिसरी भाषा कशाला? आणि मग जे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगितलं. देवरीकडच्या आमच्या टोल्यावरून मी पहिलीत गेलो तेव्हा मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. उन्हाचे दिवस होते, तहान लागली. आमच्यात पाण्याला 'येर' म्हणतात. मी गुरुजींपाशी जाऊन म्हणालो, "येर." गुरुजींना ऐकू आलं, "ये रे." एवढंसं पोर आपल्याला अरे-तुरे करून बोलावतं म्हणून त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. माणूस वाईट नव्हता. नंतर त्यांनीच मला पुस्तकं दिली. पण मी त्या वर्गात दोन वर्षं तोंड उघडलं नाही.

तुम्ही ऐकून घेतलं. स्टेशन जवळ आल्यावर विचारलंत, "तुमची श्रुती कुठं शिकून राहिली, मडावी?"

माझी मुलगी गोंदियाच्या इंग्रजी शाळेत होती. तेव्हा सहावीत. तुम्हाला ते माहीत होतं.

गाडी आली, आपण समोरासमोर बसलो, आणि तुम्ही पिशवीतून दोन संत्री काढून एक मला दिलंत. त्या प्रश्नाचं उत्तर मी आजवर दिलेलं नाही. तुम्हीही परत विचारलं नाही. आज देतो. मी भीत होतो, मॅडम. माझ्यासारखं तिनं मुकं बसू नये म्हणून मी तिला आधीच इंग्रजीच्या दारात उभं केलं. आणि दुसऱ्यांच्या लेकरांसाठी मात्र मातृभाषेचं महत्त्व सांगत होतो. मी जे सांगत होतो ते चूक नव्हतं. पण सांगायला माझं तोंड नव्हतं.

दुसऱ्या रविवारी सकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. मला वाटलं, समजूत काढायला आलात. तुम्ही मला ओलांडून सरळ आत गेलात आणि श्रुतीसमोर चटईवर बसलात. म्हणालात, "बेटा, माझं इंग्रजी कच्चं आहे. आम्ही पाचवीपासून शिकलो, तेही पाठ करून. मले बोलायला शिकव."

अख्खा उन्हाळा तुमची रविवारची शिकवणी चालली. पन्नाशी ओलांडलेली मुख्याध्यापिका आणि अकरा वर्षांची मास्तरीण. ती तुम्हाला टोकायची, "मॅडम, 'डोन्ट टॉकिंग' नाही, 'डोन्ट टॉक'." तुम्ही वहीत लिहून घ्यायचा. एकदा एकच वाक्य तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा श्रुती वैतागून म्हणाली, "तुम्ही लक्ष देऊन नाही राहिल्या." मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो तिला रागवायला. तुम्ही हातानंच मला मागं सारलंत. "बरोबर म्हणते ती. माझं लक्ष तुमच्या चहाकडं होतं." त्या दिवशी मला तुमची पहिल्यांदा धास्ती वाटली. ज्याला चुकायची लाज वाटत नाही त्याच्याशी भांडून जिंकायचं कसं?

जूनमध्ये पहिलीत अकरा लेकरं आली. त्यात सुखरामची रोशनी. तेलानं चापून बसवलेले केस, हातात वडिलांची जुनी वनखात्याची पिशवी.

भिंतीपलीकडून मला तुमचा तास ऐकू यायचा. तुम्ही उठा म्हणताना उठायचा, बसा म्हणताना बसायचा, एक एक शब्द अंगानं करून दाखवायचा. दुपारपर्यंत तुमचा आवाज बसायचा. एकदा तुम्ही गावातून कोंबडी आणली. 'हेन' शिकवायला. ती सुटली, माझ्या चौथीच्या वर्गात आली, आणि तुम्ही मागं धावत, "कॅच द हेन! कॅच द हेन!" माझी चौथीची पोरं, ज्यांना मी वर्षभर इंग्रजीची कविता पाठ करायला लावत होतो, ती सगळी ओरडायला लागली, "कॅच द हेन!" मी ते मान्य केलं नाही, पण तेवढं वाक्य ती पोरं अजून विसरलेली नाहीत.

पण रोशनी बोलत नव्हती. इंग्रजीत नाही, मराठीत नाही. पोळा झाला, दसरा जवळ आला, ती गप्प. मी तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, काही लेकरं आधी ऐकून घेतात. ते खरंही असतं. पण मी त्या पोरीचे डोळे ओळखत होतो.

मग तो दिवस आला. तुमच्या वर्गाचा नियम होता, बाहेर जायचं तर 'मे आय गो' म्हणायचं. सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशी रोशनी जागेवर उभी राहिली. तुम्ही फळ्यावर लिहीत होता, तुम्हाला दिसली नाही. मला दोन खोल्यांमधल्या दारातून दिसली. तिचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी उठेपर्यंत तिचा फ्रॉक ओला झाला होता. पोरं हसली.

मी तुमच्या वर्गात शिरलो आणि लेकरांसमोर ओरडलो, "घ्या तुमची इंग्रजी! एक शब्द नाही म्हणता आला म्हणून त्या पोरीची ही दशा!"

तुम्ही खडू ठेवलात. रोशनीला उचलून हातपंपावर नेलंत, स्वतः धुतलंत, पिशवीतला तुमचा टॉवेल तिला गुंडाळलात आणि शाळा सुटेपर्यंत मांडीवर घेऊन बसलात. गोंदियाला उतरताना मी माफी मागायला तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, "घरी जा, मडावी."

मला वाटलं, आता हे इंग्रजी संपलं. खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

सकाळी गाडीत तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात आणि वही उघडलीत. "मले गोंडी शिकवा. पाणी माहीत झालं. आता भूक, भीती, दुखून राहिलं, बाहेर जायचं आहे, माय पाहिजे, हे सांगा. आधी हेच." आणि वर्गाचा नियम बदललात. बाईंच्या तोंडात इंग्रजी, लेकराच्या तोंडात त्याला जी यायची ती. लेकरानं गोंडीत मागावं, झाडीबोलीत मागावं, बाई इंग्रजीत उत्तर देतील, पण त्याला हवं ते मिळालंच पाहिजे. "शब्दासाठी कोणाचं काही अडणार नाही माझ्या वर्गात."

सौंदडच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत मी तुम्हाला गोंडी शिकवली. पोवारी बोलीत वाढलेल्या तुमच्या जिभेला ते उच्चार झेपायचे नाहीत. मी हसायचो, तुम्ही चिडायचा, परत म्हणायचा. आणि एक दिवस तुम्ही म्हणालात, "मी म्हटलं तर लेकरं हासतात. तुम्हीच वर्गात या न् बोला."

मॅडम, मी अठरा वर्षं मास्तरकी करत होतो आणि शाळेच्या आवारात मी गोंडीचा एक शब्द कधी उच्चारला नव्हता. घरीही नाही. माझ्या मुलीला माझी भाषा येत नाही. मी तुम्हाला कारणं सांगितली, तास बुडेल, केंद्रप्रमुख काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, "काऊन, लाज वाटते?" दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी त्या माणसाशी बोलणं टाकलं असतं.

मी गेलो. टोल्यावरच्या पाच लेकरांना मी त्यांच्या भाषेत विचारलं की जेवून आलात का, वाटेत काय दिसलं. एक क्षण त्यांना खरंच वाटेना. मग पाचही जणं एकदम बोलायला लागली. गावातली बाकीची सहा तोंडाकडे बघत राहिली. पहिल्यांदाच त्या वर्गात न कळणारे ते होते. तुम्ही त्या सहांनाही ते शब्द म्हणायला लावलेत. रोशनी सगळ्यात शेवटी बोलली, अगदी हळू, मला विचारलं की गुरुजी, तुम्ही आमच्यातले आहात का. मी हो म्हणालो. तेवढं म्हणायला मला केवढा वेळ लागला होता.

तिचं पहिलं इंग्रजी दिवाळीनंतर ऐकलं. एक बकरी वर्गात घुसून तुमची पिशवी चघळत होती. रोशनी उठली, कमरेवर हात ठेवून तिला म्हणाली, "नो! व्हॉट आर यू डूईंग? गो आऊट!" हुबेहूब तुमच्या आवाजात. तुम्ही खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात आणि मला हाक मारलीत, "मडावी, या, लवकर या, बकरीले इंग्रजी शिकवून राहिली ही!"

पुढच्या वर्षी व्हॅनमधली चार लेकरं परत आली. मग शिक्षण विभागाचे साहेब आले, फोटो निघाले. साहेब म्हणाले, हे आता सगळ्या शाळांत सुरू करू, पुढच्या महिन्यापासून. मी दाराबाहेर उभा होतो. तुम्ही त्यांना म्हणालात, "करा, साहेब. पण आधी प्रत्येक शाळेत एक मडावी द्या. लेकराची भाषा जाणणारं कोणी नसंल तर नका करू. माझ्याकडून एका पोरीचे हाल झाले आहेत."

हे तुम्ही मला कधी तोंडावर सांगितलं नाही. मी ऐकलं होतं, हे मीही तुम्हाला सांगितलं नाही. किती साठवून ठेवलं आपण, मॅडम.

आता राहिलेल्या भांडणाचं सांगतो.

रोशनीचा वर्ग तिसरीत माझ्याकडे आला. वाचायची छान, बोलायचीही. मी गणिताच्या तासाला इंग्रजीत विचारलं, मोहफुलाच्या बारा टोपल्या, चार घरं, सारख्या वाटल्या तर प्रत्येकाला किती? ती ताडकन म्हणाली, "ट्वेल्व्ह डिव्हायडेड बाय फोर इज इक्वल टू थ्री." मी म्हणालो, चित्र काढून दाखव. ती परत तेच वाक्य म्हणाली. सगळ्या वर्गाचं तेच. मग मी तोच हिशेब मराठीत सांगितला, अडलं तिथं गोंडीत. तिनं टोपल्या काढल्या, घरं काढली, आणि थांबली. म्हणाली, "गुरुजी, चारही घरात मानसं सारखीच आहेत का? एका घरी जास्त असले तर?"

इंग्रजीत तिच्याकडे उत्तर होतं. तिच्या भाषेत तिला प्रश्न पडला. मला त्या दिवशी भयंकर वाईट वाटलं आणि, लपवत नाही, विजय मिळाल्यासारखंही वाटलं. मी ते मोटारसायकलवर तुम्हाला त्याच सुरात सांगितलं. इथंच चुकलो असेन.

"मंग काय करायचं म्हणता?" तुम्ही ओरडलात.

"गणित मराठीत घ्या. पहिलीपासून."

"आज गणित, उद्या परिसर अभ्यास. मंग उरलं काय? इंग्रजीतही पडंल तिले प्रश्न. वेळ द्या."

"वेळ तिचा जाऊन राहिला, मॅडम. तुमचा-माझा नाही."

"गाडी थांबवा."

मी थांबवली. तुम्ही पिशवी घेऊन उतरलात आणि उरलेली वाट उन्हात चालत गेलात. मी गाडी हळू हळू तुमच्या मागं चालवत होतो, गावातल्या बाया बघत होत्या. त्यानंतर दोन आठवडे आपण लेकरांमार्फत बोललो. तुम्ही दुसरीतल्या कोणालातरी पाठवायचा, "गो अँड टेल मडावी सर, द रजिस्टर इज ऑन द टेबल." मी त्यालाच परत पाठवायचो, "मॅडमले सांग, मिळालं." लेकरांना वाटलं हा नवा खेळ आहे. त्यांचा दोन्हीकडचा सराव मात्र पक्का झाला.

त्याच सुमारास तुमचं दुखणं सुरू झालं. सुरुवातीला तुम्ही सांगितलं नाही. मग रजा, मग नागपूरच्या खेपा. शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. आणि मी काय केलं ते आता सांगतो. दुसऱ्या आठवड्यापासून मी सगळ्या वर्गांचं गणित मराठीत आणलं. बाकी सगळं तुमचं तसंच ठेवलं. तुमचे शब्द, तुमची गाणी, तुमचा नियम. फक्त गणित. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही आजारी असताना, तुमच्या पाठीमागं.

मी दर पंधरवड्याला गोंदियात तुम्हाला भेटायला येत होतो. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, डोक्याला रुमाल. आधी सगळ्या लेकरांची नावानं चौकशी, मग विचारायचा, "शाळा?"

"तुम्ही घालून दिली तशीच चालू आहे."

"गणित?"

"तसंच."

तुम्ही माझ्याकडे बघत राहायचा. मग म्हणायचा, "बरं. चहा घेऊन जा." तीनदा विचारलंत, तीनदा मी हेच सांगितलं. आजारी माणसाला त्रास कशाला, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण वेगळं होतं. तुम्ही 'नको' म्हणाला असता तर मला ते परत फिरवावं लागलं असतं, आणि मी फिरवलं नसतं.

मे महिन्यात शेवटचा आलो तेव्हा तुम्ही झोपला होता. मी ठरवून आलो होतो सांगायचं. अर्धा तास बसलो. मग उठून आलो. चार दिवसांनी फोन आला.

गेले पंधरा दिवस हेच मनात घोळतंय. तुम्ही गेलात त्या दुःखाला जोडून हे. शेवटचं जे बोललो ते खोटं, आणि शोकसभेत त्यावर आणखी एक.

आज सकाळी मी शाळेत एकटा होतो. नव्या सत्राचे प्रवेश सुरू आहेत. सुखराम आला, धाकट्या चांदनीला घेऊन. तिचं नाव पहिलीत घालायला. मी दाखलखारिज रजिस्टर उघडलं. तो बाकावर बसला, टोपी काढली, आणि म्हणाला, "गुरुजी, एक गोष्ट आहे. मॅडमजीनं सांगू नको म्हटलं होतं. पन आता त्या नाहीत, तं मले समजून नाई राहिलं, सांगावं का नाई."

मी म्हणालो, सांग.

एप्रिलमध्ये तो रोशनीला घेऊन तुमच्या घरी आला होता म्हणे, जंगलातली चारं, म्हणजे चारोळीची फळं, घेऊन. तुम्ही रोशनीला जवळ बसवलंत. तीच चारं पलंगावर ओतून तिला इंग्रजीत हिशेब घातलात, वाटणीचा. तिनं चारं मांडली. काही इंग्रजीत बोलली, अडली तिथं मराठीत, आणि मधेच तुम्हाला उलट प्रश्न विचारला. कोणता ते सुखरामला कळलं नाही, इंग्रजीत होता. तुम्ही तिला परत विचारायला लावलात. तिनं परत विचारला.

"मंग मॅडमजीनं मले पुसलं, मडावी गुरुजी गनित मराठीत घेऊन राहिले ना? मी भेलो. खोटं नाई बोलता आलं, गुरुजी. हो म्हटलं. तं म्हनल्या, त्याले सांगू नको मले मालूम आहे म्हनून. मी बरी होऊन शाळेत येतो न् मंग भांडतो त्याच्याशी."

चांदनी खिडकीच्या गजांना लटकत होती. मी विचारलं, "सुखराम, खरं सांग. रागात होत्या का?"

तो विचारात पडला. जंगलातला माणूस आहे, पाहिलेलं नीट आठवून सांगतो.

"नाई, गुरुजी," तो म्हणाला. "रागात नोहत्या. तयारीत होत्या. त्यांच्या लेकीजवळून वही मागून घेतली होती पलंगावर, न् काही लिहून राहिल्या होत्या."